तह लंडनचा, चूल आमची

टॉलिव्हर्स कोव्ह,
१८ जून १८९०

अझर,

बाबांना मूठमाती दिली त्याच दिवशी ठरवलं होतं की तुला पुन्हा पत्र लिहायचं नाही. तरी लिहितेय. का, ते तुला माझ्याहून चांगलं ठाऊक असणार.

सोमवारी तुझी बोट आली. राणीची बोट म्हणायला हवं, पण या किनाऱ्यावरचे खडक राणीला थोडेच माहीत आहेत? ते दाखवायला तू आहेस. तुझ्यावाचून ती बोट आमच्या खाडीच्या तोंडाशीच रुतून बसली असती.

कप्तान माणूस सभ्य आहे. त्याने टोपी काढली, आईची विचारपूस केली, मी पुढे केलेला काकवीचा चहासुद्धा घेतला. मग कप खाली ठेवून तुझ्या मेहुण्याला, रूबेनला, विचारलं, "शेवंडींचा हा कारखाना गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या तारखेला उभा होता का?"

"होता," रूबेन म्हणाला.

"होता," सायलसमामा म्हणाला.

मी बायबलवर हात ठेवायला निघाले होते. कप्तान हसला. "राहू द्या, बाई. भिंती ऑगस्टमध्ये चढल्या आणि छप्पर सप्टेंबरात. माझी खबर पक्की आहे."

मग कागद वाचला. जुन्या तहाने फ्रेंचांनाही इथे मासे धरायचा हक्क आहे, म्हणून लंडन आणि पॅरिस यांनी आपसात ठरवलंय की या किनाऱ्यावर त्या तारखेला जेवढे शेवंडींचे कारखाने उभे होते तेवढेच चालतील, आमचे असोत की फ्रेंचांचे. बाकीचे बंद. वाचून झाल्यावर खलाशांनी हंड्याखालचा जाळ विझवला, भरलेले डबे उचलून बोटीत नेले आणि दाराला राणीचं कुलूप घातलं. कामाच्या बायका ओल्या हातांनी बाहेर उभ्या होत्या. त्यांना कुणी काही वाचून दाखवलं नाही.

आपली स्वतःची विधानसभा आहे ना रे, सेंट जॉन्सला? स्वतःचा प्रधान, स्वतःचे कर, स्वतःची पोलीसचौकी? शाळेत पाद्रीणबाई सांगायच्या, आपण स्वतःचं राज्य स्वतः चालवणारी माणसं आहोत, कुणाचे गुलाम नाही. मग आपल्या दारात चूल पेटवायची तर पॅरिसला विचारायचं, आणि तेही आपण नाही, आपल्या वतीने लंडनने? आपल्या भागाचे सभासद ट्रास्कसाहेब म्हणतात, विधानसभेला हा करार कळला तेव्हा त्याच्यावरची शाई वाळलेली होती.

कारखाना गेल्या जूनमध्ये उभा होता. हे तुलाही लिहून ठेवते, म्हणजे वाटेत कुणी पत्र फोडून वाचत असेल तर त्यालाही कळू दे.

तू कठड्याशी पाठ करून उभा होतास. पाठ ओळखू येते, अझर. बाबांचीच पाठ आहे ती. गेल्या ऑगस्टात फ्रेंचांनी तक्रार केली म्हणून त्याच बोटीने बाबांची जाळी उचलायला लावली, तेव्हाही तू असाच पाठ करून उभा होतास. बाबा नाताळपर्यंतसुद्धा टिकले नाहीत. आणि त्याच ऑगस्टात, त्याच जागेवरून, आमच्या कारखान्यात काय चाललं होतं ते तुला दिसलं असणार.

गावात कुणी तोंड उघडणार नाही, उघडलं तर त्याच्याच पोटावर पाय येतो. मग कप्तानाला ऑगस्ट कुणी सांगितला?

रूबेन म्हणतो, "दुसरं कोण असणार? तुझा भाऊ आहे म्हणून इतके दिवस गप्प होतो."

उत्तराची अपेक्षा नाही.

केझिया


टॉलिव्हर्स कोव्ह,
९ जुलै १८९०

प्रिय अझर,

मागचं पत्र रागात लिहिलं. माणूस रागात काय वाटेल ते लिहितं, मनावर घेऊ नकोस.

आईची नजर आता फारच अधू झाली आहे. दारातून आत येणारा माणूस पुरुष की बाई एवढंच कळतं, बाकी आवाजावरून. तरी तुझ्यासाठी मोजे विणतेय, टाके सुटतात आणि मी गुपचूप पुन्हा घालते. दलदलीतली पिवळी बेरी यंदा भरपूर धरली आहे. तुला आवडायची म्हणून एक बरणी काढून ठेवली आहे.

आमचं कसं चालतं विचारशील. चाललंय. रूबेन कॉड माशाच्या मागे जातो, मी आणि सायलसमामा मासा चिरतो, खारवतो. कारखान्याला कुलूप ते कुलूपच.

आणि हो, तुझ्या कप्तानाने सगळेच डबे नेले असं समजू नकोस. बरेचसे आधीच हलवले होते. ऑटर कोव्हला ती जुनी मिठाची शेड आहे ना, तिच्यात ठेवलेत. हॅलिफॅक्सचं गलबत आलं की पाठवू. भावापासून काय लपवायचं?

तब्येतीला जप.

तुझी केझी


टॉलिव्हर्स कोव्ह,
२ ऑगस्ट १८९०

अझर,

आता खरं सांगते. ऑटर कोव्हच्या शेडमध्ये एकही डबा नव्हता. ते मी मुद्दाम लिहिलं होतं. तुझी बोट ऑटर कोव्हला गेली तर खबऱ्या तूच, अशी माझी खात्री होणार होती. रूबेनला सांगितलं नाही, मामाला नाही, आईला तर नाहीच.

तुझं उत्तर आलं ते अजून उशाखाली आहे. "पत्र मिळालं. जाळलं. असलं काही मला लिहू नकोस." ते वाचून मी म्हटलं, चोर सावध झाला. म्हणजे बघ, तू गेलास तरी दोषी आणि नाही गेलास तरी दोषी, असा माझा तराजू होता.

ऑटर कोव्हला बोट गेली नाही. तिथल्या लोकांना विचारून आले, साधं शीडसुद्धा त्यांना दिसलं नाही. बोट गेली ती थेट टेकडीमागे, ओढ्याच्या तोंडाशी, जिथे आम्ही दुसरा हंडा लावला होता. ती जागा माहीत होती मला, रूबेनला आणि सायलसमामाला. चौथ्या माणसाला नाही. बाकी गावाला आम्ही सांगत होतो की तिकडे सरपण तोडायला जातो.

तुमच्या होड्या कुठे थबकल्या नाहीत, कुणी इकडेतिकडे पाहिलं नाही. घरच्या वाटेने यावं तशा आल्या.

पुढचं तू स्वतः पाहिलंस, पण तू ते होडीतून पाहिलंस आणि मी मामाच्या शेजारी उभी होते, म्हणून लिहिते. अधिकाऱ्याने बाजूला व्हायला सांगितलं. मामा हंड्याला टेकून उभा राहिला.

"म्हातारबुवा, सरका. राणीचा हुकूम आहे."

"हुकूम राणीचा असेल, हंडा माझ्या भाचीचा आहे. राणीला शेवंडी उकडायच्या असतील तर स्वतःचा हंडा घेऊन येऊ दे."

खलाशीसुद्धा हसले. मामा हसला नाही. मग दोघांनी पहारीने हंडा कलंडवायला घेतला. मामाला इजा करायचं त्यांच्या मनात नव्हतं, एवढं मी देवासमोर सांगेन. पण चुलीचा दगड निसटला आणि उकळतं पाणी मामाच्या मांड्यांपासून पावलांपर्यंत गेलं.

तेव्हा तू होडीतून उडी मारलीस. "वाटाड्या, जागेवर परत!" असं तो अधिकारी ओरडला, दोनदा ओरडला. तू मामाला पाठीवर घेतलंस आणि टेकडी चढून घरापर्यंत आणलंस. बिछान्यावर ठेवलंस. आईने विचारलं, "कोण आलंय?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "बोटीवरचा कुणी आहे."

तू मागे फिरलास आणि टेकडी उतरलास.

त्या दिवशीसुद्धा माझ्या मनात काय आलं, सांगू? हा आपलं पाप धुतोय, असं आलं.

दुसऱ्या दिवशी मी मारी-आनकडे गेले. पलीकडच्या फळ्यांच्या झोपडीतली, जिचा नवरा हिवाळ्यात फ्रेंचांच्या होड्या-कोठारं राखतो, ती. उन्हाळ्यात तिच्याकडे त्यांचे कप्तान येतात-जातात. म्हटलं, तिनेच धूर पाहिला असणार.

ती पाव भाजत होती. मी दारातूनच सुरुवात केली. "आमच्या घरचं मीठ खाल्लंस, तुझ्या बाळंतपणाला मी आले होते, आणि तू आमचा धूर विकलास?"

तिने आधी पाव काढून घेतला. मग म्हणाली, "धूर मला रोज दिसतो. नाक आहे मला, शेवंडीचा वासही येतो. विकायचा असता तर जूनमध्येच विकला असता, तेव्हा भाव जास्त होता."

"मग कुणी सांगितलं?"

"तुमच्यात आणि आमच्यात हाच फरक आहे, केझिया. आमच्या घरी काही बिघडलं की आम्ही आधी घरातल्यांना विचारतो. तुम्ही आधी फ्रेंचाला विचारता." मग पीठ झटकत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला विचार, गेल्या रविवारी तो पलीकडच्या वळणावर कुणाच्या गलबतावर चढला होता."

गेल्या रविवारी रूबेन मला म्हणाला होता, प्रार्थनेला जातो.

मामाला ताप आहे. पायांवर कॉडच्या तेलात भिजवलेल्या पट्ट्या ठेवतेय. तो विव्हळत नाही, पण मी पट्टी उचलली की तोंडातल्या तोंडात खारवायच्या माशांची नावं घेतो, एकामागून एक.

रूबेनला अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. तू असतास तर तुझ्यावर ढकलून मोकळी झाले असते.

केझिया


टॉलिव्हर्स कोव्ह,
२१ ऑगस्ट १८९०

अझर,

सायलसमामा गेला. शनिवारी पुरलं त्याला, बाबांच्या शेजारी. कळवायला दुसरं कुणी नाही, म्हणून मी कळवतेय.

आईला सांगितलं की मामाला पाठीवरून आणणारा तू होतास. तिने मला हाक मारून जवळ बसवलं आणि एवढंच म्हणाली, "त्याच्या अंगाला बाबांच्या कोटाचा वास येत होता. मला वाटलं, मी म्हातारी झाले, चुकत असेन."

गलबत ट्रास्कचं होतं, हे मारी-आनकडून काढून घेतलं होतं. मामाला पुरून आल्यावर रूबेनला विचारलं. तो बूट काढत होता.

"ट्रास्कच्या गलबतावर का गेला होतास?"

त्याने एक बूट काढला, दुसरा तसाच ठेवला. म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

अझर, निरपराध माणूस असं विचारत नाही. तो म्हणतो, 'कधी? मी? कुठे?' दोन महिने मी तुझ्या प्रत्येक शब्दात हेच शोधत होते आणि ते मला माझ्याच घरात, एका बुटावर बसलेलं सापडलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ट्रास्क त्याला वसंतातच म्हणाला होता: लंडनला आपण इतकी वर्षं अर्ज पाठवतोय, तिथे ते रद्दीत जातात. त्यांना कोर्टात ओढल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. त्यासाठी एक माणूस हवा, ज्याची मालमत्ता राणीच्या अधिकाऱ्याने कायद्याचा आधार नसताना बळजबरीने घेतली. कारखाना त्या तारखेनंतरचा असला तर फार उत्तम, कारण मग ते नक्की बंद करणार.

"म्हणजे ऑगस्ट तू सांगितलास?"

"मी नाही. ट्रास्कने गव्हर्नरच्या माणसाच्या कानावर घातलं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि ओढ्याकाठची जागा?"

त्याने काढलेला बूट उलटा करून झटकला.

"रूबेन, ओढ्याकाठची जागा?"

"पहिल्या वेळी फार शांतपणे झालं, केझिया. कप्तानाने टोपी काढली, चहा घेतला. ट्रास्क म्हणाला, यात कोर्टाला दाखवण्यासारखं काही नाही. पुन्हा एकदा व्हायला हवं, थोडी ओढाताण, थोडा आरडाओरडा. मामा तिथे अडून बसेल असं मला काय माहीत?"

"मामा अडून बसणार नाही असं तुला वाटलं? सायलसमामा?"

"देशासाठी केलं मी," तो म्हणाला. "लंडन आपल्याला विचारत नाही, हे तूच म्हणतेस ना रोज?"

"आणि तू मला विचारलंस?"

मग म्हणाला, खटला जिंकला की भरपाई मिळेल, शिवाय ट्रास्कने बे सेंट जॉर्जला जकातीच्या नाक्यावर जागा कबूल केली आहे. पगाराची जागा. गणवेश.

मी त्याला काढलेला बूट परत घालायला सांगितलं.

तो आता वरच्या खोपीत राहतो. जेवायला येतो. मी वाढते. बोलत नाही.

ऐकलं की तुला बोटीवरून काढलंय, जागा सोडली म्हणून. खरं का? सगळी पत्रं बोटीच्या पत्त्यावर जातात, हे तुला मिळेल की कप्तानाला, कुणास ठाऊक. कप्तान, आपण वाचत असाल तर एवढं ध्यानात घ्या, की माझ्या भावाने आपल्याला कधी काही सांगितलं नव्हतं. आपल्याला सांगणारे आमचेच पुढारी होते. चहा प्यायलात, त्याचा राग नाही.

केझिया पेली


सेंट जॉन्स,
२७ नोव्हेंबर १८९०

अझर,

कोळशाच्या धक्क्यावर तू भेटलास त्याला आठवडा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर मुकादम म्हणाला, "तो ग्लॉस्टरच्या गलबतावर चढला, अमेरिकेला गेला." निरोप घेऊन गेला असतास तर मी थांबवलं असतं, म्हणून न सांगता गेलास. हा अर्थ मी लावलाय. चुकीचा असेल तर तसं लिही.

तोंड कोळशाने काळं होतं, तरी तू हसलास तेव्हा मला तू शाळेतला वाटलास. मी सगळं बोलून टाकलं, खोटी शेड, सापळा, उशाखालचं पत्र. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "केझी, ऑटर कोव्हच्या शेडचं छप्पर हिवाळ्यातच वाऱ्याने गेलंय. समुद्रावरून मला उघड्या वाश्यांवर पक्षी बसलेले दिसतात. पुढच्या वेळी खोटं बोलायचं तर छप्पर असलेली जागा निवड."

म्हणजे तुला पहिल्याच वाचनात कळलं होतं की बहीण गळ टाकतेय. तरी कप्तानाला दाखवलं नाहीस आणि मलाही टोचलं नाहीस. मला मारलं असतंस तर सोपं गेलं असतं.

आणि बाबांच्या जाळ्यांचं विचारलं तर म्हणालास, "मी नसतो तर त्यांनी दुसऱ्या कुणाला वाटाड्या नेमलं असतं, आणि बोट रात्रीतच आली असती. मी त्यांना भरतीची वाट बघायला लावली, म्हणजे बाबांना निम्मी जाळी तरी लपवता येतील असं वाटलं होतं. पण बाबा लपवत बसले नाहीत, भांडायला धक्क्यावर आले." हे खरं असेल. एक क्षण मला तेही खरं वाटलं नाही. इतकी सवय लागली आहे. मग आठवलं की बाबा खरंच धक्क्यावर उभे होते.

आता खटल्याचं, तू ऐकायला थांबला नाहीस म्हणून.

दालन खचाखच भरलेलं. बाहेर झेंडे, 'आमचा किनारा आम्हाला' अशा फळ्या. ट्रास्क तिसऱ्या बाकावर, नवा कोट, दाढी कोरलेली. आदल्या दिवशी मला समजवायला आला होता. "बाई, कारखाना जूनमध्ये उभा होता एवढंच म्हणा. आणि मामांचं जरा सविस्तर सांगा. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं." मी म्हटलं, बघते.

राणीच्या बाजूच्या वकिलाने विचारलं, "कारखाना केव्हा बांधलात?"

"ऑगस्टमध्ये," मी म्हटलं. "भिंती ऑगस्टमध्ये, छप्पर सप्टेंबरात."

रूबेनने मान खाली घातली.

"मग कप्तानाशी खोटं बोललात?"

"बोलले."

"कशासाठी?"

"माझ्या जमिनीवर मी चूल केव्हा मांडली, हे विचारायचा हक्क त्याला कुणी दिला ते मला कळलं नव्हतं, म्हणून. अजून कळलेलं नाही. आपल्याला माहीत असेल तर सांगा."

मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. न्यायाधीशांनी गप्प केलं. मग वकील म्हणाला, "दुसऱ्या जागेची खबर अधिकाऱ्यांना कशी मिळाली, काही कल्पना?"

"ट्रास्कसाहेबांना विचारा. ते तिसऱ्या बाकावर बसलेत."

यावर टाळ्या आल्या नाहीत. ट्रास्क हसला, इतका छान हसला की शेजारच्यांना वाटलं, खेड्यातली बाई बरळतेय. न्यायाधीश म्हणाले, "तो प्रश्न या न्यायालयापुढे नाही, बाई." मी म्हटलं, "तोच तर कुठल्याच न्यायालयापुढे नसतो." त्यांनी मला खाली बसवलं.

आणि अझर, आपण जिंकलो. निकालात म्हटलंय, जून की ऑगस्ट याला महत्त्व नाही. दोन राजसत्तांनी आपसात काही ठरवलं म्हणून इथल्या माणसाची मालमत्ता उचलता येत नाही. त्यासाठी कायदा लागतो, आणि असा कायदा कुणी केलेलाच नाही.

लोकांनी ट्रास्कला खांद्यावर घेऊन बंदरापर्यंत नेलं. माझ्या खऱ्या साक्षीने काही बिघडलं नाही आणि खोटीने काही सुधारलं नसतं. माझ्या अंगावरून ती मिरवणूक गेली. रूबेन तिच्यात होता. त्याने मला हाक मारली, मी ओळख दिली नाही.

तो इथूनच जकातीच्या जागेवर जाणार आहे. मी एकटी गावी परततेय.

केझी


टॉलिव्हर्स कोव्ह,
१२ जून १८९१

अझर,

तुझं ग्लॉस्टरचं पत्र एप्रिलच्या पहिल्या गलबताने आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा तू काय लपवतोस ते शोधत, दुसऱ्यांदा नुसतंच. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. माशांच्या भावाचं आलं तेव्हा ती म्हणाली, "हे राहू दे, पुढचं वाच." पुढे काही नव्हतं. तू नेहमी संपवतोस तिथेच संपवलं होतंस.

बर्फ फुटल्यावर मी कुलूप तोडलं. कोर्टाचा निकाल माझ्या बाजूचा होता, मला कुणाला विचारायचं नव्हतं. हंडा घासला, गंज काढला, डबे झाळून बंद करणारीला बोलावलं, गावातल्या बायका आल्या. मारी-आनही आली. कुणी कुजबुजलं, "फ्रेंचीण?" मी म्हटलं, तिचे हात शेवंड सोलतात की पॅरिस सोलतात? कामाला लागा. मे महिना चांगला गेला. गेल्या वर्षी मी रूबेनच्या कारखान्यात राबले, हा माझा होता.

काल पोलीस आला. राणीच्या बोटीवरचा नाही, आपला. बॉन बेच्या चौकीवरचा जेस टिझर्ड. त्याची आई आणि आपली आई एकाच बाकावर शिकल्या.

दारात उभा राहून टोपी फिरवत राहिला. चहा दिला तर नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं.

"केझियाताई, कागद आणलाय."

"लंडनचा?"

"नाही. तेच तर. यंदा आपलाच आहे."

वाचून दाखवलं. लंडनने धमकावलं होतं की तुम्ही तह पाळायचा कायदा करणार नसाल तर आम्ही इथे बसून तुमच्यासाठी करतो. म्हणून आपल्या विधानसभेने घाईने स्वतःच केला. गेल्या वर्षी जो करार बेकायदा ठरला तोच आता कायदा. तीच तारीख, तेच नियम, तेच कुलूप. फक्त वर शिक्का आपल्या वसाहतीचा.

"ट्रास्कने हात वर केला?"

"केला. भाषणही केलं म्हणे." जेस जमिनीकडे बघत म्हणाला. "दुसऱ्याच्या हातून फटका खाण्यापेक्षा आपल्या हाताने खाल्लेला बरा, त्यात आपली इभ्रत राहते, असं काहीतरी."

बायका हात पुसून उभ्या राहिल्या. जेस म्हणाला, "मी जाळ विझवणार नाही, ताई. मला सांगितलंय, पण मी नाही विझवणार. उद्या येऊन बघतो."

"उद्या दुसरा कुणी येईल आणि तो विझवेल," मी म्हटलं. "तुझी नोकरी का घालवतोस?"

मग मी बादली घेतली आणि हंड्याखाली स्वतः पाणी ओतलं. अझर, मामासाठी ओतलं नाही, ट्रास्कसाठी नाही, कायद्यासाठीही नाही. माझी चूल कुणी विझवायची, एवढं तरी मी ठरवायचं म्हणून. जेस रडला. मी नाही रडले, धूर फार झाला होता तेवढंच.

मारी-आन म्हणाली, "आता कुणावर संशय घेणार?" मी म्हटलं, "आता गरज नाही. आता सगळं उघड आहे."

खरं तर ते फारच जड जातंय. संशय असताना निदान वाटायचं, एक माणूस सापडला की सुटलो. आता शोधायला कुणी उरलं नाही. लंडन म्हणतं पॅरिसमुळे, सेंट जॉन्स म्हणतं लंडनमुळे, ट्रास्क म्हणतो देशामुळे, रूबेन म्हणतो ट्रास्कमुळे. आणि मामा आपला मातीखाली.

मी घर विकलं नाही, विकत घ्यायला कुणी नाही. दाराला खिळे ठोकतेय. हंडा मारी-आनला दिला, तिच्या नवऱ्याच्या मालकांचा कारखाना जुना आहे, त्या तारखेच्या आधीचा, म्हणून तिला चालतो. या कायद्यात आपल्या गावात कायदेशीर हंडा फ्रेंचांचाच आहे. ती हसली, मीही हसले.

आईला घेऊन पुढच्या आगबोटीने हॅलिफॅक्स, तिथून ग्लॉस्टर. तिला विचारलं, जमेल का? म्हणाली, "मला कुठे काय दिसतंय? समुद्र सगळीकडे सारखाच वाजतो." रूबेनला निरोप पाठवला, येऊ नकोस. तो आला असता असंही नाही.

तू मला राहायला बोलावलं नव्हतंस, ते माहीत आहे. जागा नसेल तर तसं धक्क्यावर सांग, पत्रात नको. पत्रांवरचा माझा विश्वास उडालाय, माझ्यासुद्धा.

धक्क्यावर तू स्वतः उभा राहा. मालकाला, मित्राला, शेजारच्या बाईला पाठवू नकोस. त्यांनी कितीही शपथा घेऊन सांगितलं की अझरने पाठवलंय, तरी मी आईला घेऊन बोटीवरून खाली उतरणार नाही.

आणि पाठ करून उभा राहू नकोस.

केझी